मस्कतची नेमणूक

कोल्हापूर, फुलेवाडी
९ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप दादास,

क्रांतीचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही माझा नमस्कार सांग.

इकडची खुशाली अशी. यांची पाठ थंडीत जरा जास्तच धरली होती, आता उतार आहे. तेजस्वी पुण्यातच. फोन केला की 'आई, क्लासमध्ये आहे' म्हणते आणि ठेवते. लेकीचा आवाज तेवढा ऐकायला मिळतो, त्यात समाधान मानायचं. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. इतिहासाच्या तासाला पोरं हजेरीपुरती येतात, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. त्यामुळं भांडण होत नाही.

हे पत्र चंदगडच्या गुंडूबरोबर पाठवतेय. तुझ्या गोदामावरची गाडी चालवतो तोच. सुट्टी संपवून निघालाय आणि त्याची बॅग काजूनं इतकी ठासून भरलीय की तुझी कांदा-लसूण चटणी कोंबताना मला त्याच्याशी वाद घालावा लागला. पत्र वेगळ्या पिशवीत आहे, तरी कागदाला तेल लागलं तर समजून घे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मला तुझ्यासमोर फक्त 'हो दादा' म्हणता येतं. लहानपणापासूनची खोड. वर्गात तासभर चालणारी ही जीभ तुझा आवाज आला की टाळ्याला चिकटते. शिवाय तुझा फोन स्पीकरवर असतो आणि वहिनी शेजारी असतात. त्यांना ऐकू जाईल असं मला काही बोलवत नाही.

तर तू विचारलंस त्याबद्दल. राजवीरला तू दत्तक मागतोयस. वकिलांनी तुला सांगितलं ते त्यांनी मलाही सांगितलं. मुलगा पंधराचा व्हायच्या आत दत्तकविधान व्हायला हवं, आणि त्याला मार्चअखेर पंधरा पूर्ण होतात. बापानं द्यायचा आणि आईनं संमती द्यायची. यांचं तर ठरलेलंच आहे. राहिले मी.

दादा, शास्त्रात एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये असं सांगितलंय. आपण कोल्हापूरची माणसं. दत्तक म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, या गावाची गादीच दत्तकांनी चालवलीय. पण राजघराण्यातसुद्धा ज्याच्या घरी दोन-तीन पोरं खेळतायत त्याच्याकडचं एक मागत. मला एकच आहे. तेजस्वी आहेच, पण तू तिला मागितलं नाहीस, हेही माझ्या लक्षात आलंय.

तुमचं घर गेल्या वर्षी रिकामं झालं. ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुझा तिथला भागीदार 'तुमच्यामागं कोण?' असं विचारतो, आणि भाच्याला कुटुंबाच्या व्हिसावर तिथं ठेवून घेता येत नाही, हेही तू सांगितलंस. सगळं खरं आहे.

आता जरा माझ्या प्रबंधाकडं वळते. तू हसशील, आली मास्तरीण मूळपदावर म्हणून. पण तू मस्कतला आहेस म्हणून तर माझ्या सरांनी हा विषय माझ्या गळ्यात मारला आणि आबा जाईपर्यंत विचारत होते, 'लेकी, तुझा सुलतान कुठवर आला?'

तो सुलतान असा. ओमान आणि झांजिबार ही दोन्ही एकाच सय्यद सुलतानाची. तो १८५६ला समुद्रावर, प्रवासात वारला. एका पोरानं मस्कत धरलं, दुसऱ्यानं झांजिबार. लवंगा, हस्तिदंत, सगळा पैसा झांजिबारला. मस्कतला उन्हानं तापलेले डोंगर. भाऊभाऊ लढायला निघाले. तेव्हा कलकत्त्याला बसलेल्या आपल्या लाटसाहेबानं निवाडा केला: गाद्या दोन, आणि झांजिबारच्या भावानं मस्कतच्या भावाला दरसाल ठरलेली रक्कम द्यायची. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या झाल्या हे ज्याला कळतं त्याला हे कळायला अवघड नाही.

प्रबंध मराठीत आहे, म्हणून त्या रकमेला काय म्हणायचं यावर माझी बरीच वर्षं गेली. खंडणी म्हणता येत नाही, ती मांडलिकानं सम्राटाला द्यायची असते. पगार नाही, कारण काम नाही. शेवटी आपल्या घरातलाच शब्द घेतला, नेमणूक. पणजोबांना संस्थानातून मिळायची ती. काम काही नाही, मानकरी म्हणून दरसाल ठरलेलं घरी यायचं. तुझा मस्कतहून पहिला पैसा आला तेव्हा आबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, 'मस्कतची नेमणूक आली!' आजकालच्या पोरांना हा अर्थ कुठला माहीत? तेजस्वी शाळेत सांगून आली होती की मामाची आमच्या घरी नेमणूक झालीय, आणि बाईंनी विचारलं, कुठल्या खात्यात?

आबा गेल्यावर ती थांबायला हवी होती. पण यांचा कागलचा कारखाना बंद पडला, पाठ आधीच गेलेली, आणि तू ती नेमणूक माझ्याकडं वळवलीस. मी नको म्हटलं नाही. नको म्हणण्यासारखी परिस्थिती नव्हती. तेजस्वी पुण्यात शिकतेय ती तुझ्यामुळं, यांची औषधं तुझ्यामुळं. हे उपकार मी कधी विसरले नाही.

पण राजवीर नाही, दादा. पोरगं हे ऐकल्यापासून धड जेवत नाही. उशीत तोंड खुपसून रडतं. 'मामा आवडतो, पण मला आईजवळच राहायचंय,' म्हणतं. त्याच्या डोळ्यांकडं बघवत नाही.

एवढंच. चटणी फ्रीजबाहेर ठेवली तरी चालेल.

तुझी लाडकी (असं तूच म्हणायचास),
क्रांती


कोल्हापूर
२३ फेब्रुवारी २०२६

दादा,

नमस्कार.

नेमणूक आली. नेहमीच्या दुप्पट आली. बँकेचा मेसेज वाचला तेव्हा मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी होते. पुढं काय शिकवलं मला आठवत नाही.

दुप्पट कशासाठी? मी तुला 'देऊ नये' असं लिहिलं, त्याचं हे उत्तर का? तुझ्या मनात तसं नसेल. तू म्हणशील, तेजस्वीची फी वाढली असेल म्हणून पाठवले. पण या घरात ते पैसे कसे उतरले हे तुला कळायला हवं. यांनी मेसेज वाचला आणि म्हणाले, 'बघ, दादा कसा माणूस हाय. आणि तू सही आडवून बसलीयास.'

फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक, एकुलत्या एकाचा नियम आताच्या कायद्यात राहिलेला नाही. ठीक आहे, वकील खोटं सांगणार नाहीत. दुसरी, 'अमरसिंहांनी', म्हणजे यांनी, शब्द दिलाय.

त्या शब्दाबद्दल आता लिहावंच लागेल, म्हणजे ऋतुराजबद्दल लिहावं लागेल. पहिल्या पत्रात मी त्याचं नाव टाळलं. हात धजला नाही. तुझा एकोणीस वर्षांचा पोरगा, सोहारच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि विमानातून पेटीत घरी आला. वहिनींनी पेटीवर डोकं आपटलं तेव्हा मी त्यांना धरलं होतं. त्यांचे केस माझ्या मुठीत होते. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, म्हणून लिहीत नव्हते.

उत्तरकार्याच्या दिवशी जेवणं उरकली होती, भाऊकी मांडवात बसली होती आणि तू खांबाला टेकून आवाज न करता रडत होतास. सगळे तुझ्याकडं बघत होते. तेव्हा हे उठले, तुझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या पानपट्टीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, 'दादा, रडू नगासा. राजवीर तुमचाच हाय की.'

दादा, त्यातला 'की' तू ऐकलास का?

आपल्याकडं घर पाव्हण्यांचंच असतं, ताटही त्यांचंच असतं आणि पोरंबाळंही त्यांचीच असतात. 'घर तुमचंच हाय की, पावणं,' असं म्हटलं म्हणून कुणी सातबारा मागत नाही. जेवून, पान खाऊन माणसं आपापल्या घरी जातात. रडणाऱ्या माणसाला धीर द्यायला आपल्या लोकांकडं हेच एक वाक्य आहे, आणि त्यांनी ते तुला दिलं. तू इतकी वर्षं परमुलखात काढलीस आणि तो 'की' विसरलास. किंवा विसरला नसशीलही. त्या दिवशी तुला कशाला तरी धरायचं होतं, तेच धरलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही धरलं असतं.

राग तुझ्यापेक्षा यांच्यावर जास्त आहे. 'अहो, ते बोलण्यातलं होतं, दादाला समजावून सांगा,' असं मी कितीदा म्हटलं. हे म्हणतात, 'मी चारचौघांत बोललोय. शब्द हाय त्यो, बाजारातली मेथी न्हाय परत द्यायला.' नोकरी गेली, पाठ गेली, घर मेव्हण्याच्या पैशावर चालतं. त्यांच्याकडं स्वतःचं असं काय उरलं, तर चारचौघांत दिलेला शब्द. तो मोडायला मी कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून सगळं माझ्यावर येऊन पडलंय. मी सही केली नाही तर मी शब्द मोडणारी, उपकार विसरणारी, भावाचं घर बुडवणारी. केली तर काय, ते लिहीत नाही.

माझ्या त्या निवाड्यात एक वाक्य आहे. शेकडो वेळा वाचलंय, वर्गात सांगितलंय. लाटसाहेब मस्कतच्या भावाला लिहितो की ही रक्कम दोन वारशांतली असमानता भरून काढायला आहे, आणि झांजिबारवरचे सगळे हक्क सोडल्याची भरपाई म्हणून आहे. परवा तुझी दुप्पट नेमणूक आल्यावर मी ते वाक्य पुन्हा काढलं. हक्क सोडल्याची भरपाई! पैसा कुणी फुकट देत नाही, बदल्यात आपण काय सोडलं ते घेताना कळत नाही इतकंच. पुढं झांजिबारनं देणं थांबवलं तर इंग्रज सरकार स्वतः देऊ लागलं, आणि मग मस्कतच्या गादीवर कुणी बसायचं यात त्यांचा शब्द चालायला लागला. नेमणूक देणाराच वारस ठरवतो. मी हे प्रबंधात लिहिलं तेव्हा मला वाटत होतं मी अरबांबद्दल लिहितेय.

कठोर लिहितेय, मला कळतंय. तू माझा भाऊ आहेस, लाटसाहेब नाहीस. पण मला दुसरं कुणी सांगायला नाही आणि माझा जीव जातोय रे.

आणखी एक. वहिनींनी राजवीरला रोज फोन करू नये. त्याची नववीची परीक्षा आहे. मी हल्ली त्याला फोन देत नाही. कारण विचारू नका.

मी सही करणार नाही.

क्रांती


कोल्हापूर
१५ मार्च २०२६

प्रिय दादा, प्रिय वहिनी,

तुम्ही शाहूपुरीत, वहिनींच्या माहेरी, रिक्षानं जाण्याच्या अंतरावर आहात आणि मी पत्र लिहीत बसलेय. परवा तुम्ही गुरुजींना घेऊन घरी आलात आणि माझी सही व्हायची असतानाच मंगळवारचा मुहूर्त धरून गेलात तेव्हा मी चहा केला, पोहे केले आणि स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. समोर बसून मला हे जमणार नाही. तेजस्वी काल पुण्याहून आलीय, तिच्या हाती देते. दोघं एकत्र वाचा.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. राजवीर रडत नव्हता. जेवतही होता, चांगला दोन भाकरी जास्त खात होता. रडत होते ती मी. उशीत तोंड खुपसून रडणारी मी. त्याच्या नावावर खपवलं, कारण आईच्या रडण्याला तू जुमानला नसतास पण पोराच्या रडण्याला थांबला असतास, असं मला वाटलं.

खरं हे होतं की मला भीती वाटत होती, आणि भीती कशाची ते मी स्वतःलाही सांगत नव्हते. जानेवारीत मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. राजवीर टाकीमागं फोनवर बोलत होता. त्यानं फोन ठेवताना म्हटलं, 'बरं, ठेवतो आई.' मला वाटलं मला बघून म्हणाला. मी 'काय रे?' म्हटलं. तो दचकला. फोनवर वहिनी होत्या.

वहिनी, मी तुम्हाला दोष देत नाही. तेव्हा दिला. त्या दिवसापासून त्याला फोन दिला नाही.

मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. दादा मागतोय, हे देतायत, मी अडवतेय, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तेजस्वीनं मला फोनवर झापलं: 'तुझ्या प्रबंधातल्या सुलतानांना तरी कुणी विचारलं होतं का, आई? निदान राजवीरला विचार.'

मग गेल्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावरच्या पायी वारीचा शेवटचा खेटा होता. यांची पाठ चढू देत नाही, म्हणून यंदा मी आणि राजवीर चालत गेलो. वरच्या टप्प्यावर एका झाडाखाली बसलो. त्यानं मला बाटली उघडून दिली. मी पाणी प्यायच्या आधीच विचारलं, मामाकडं जायचं आहे का तुला, खरं सांग, मी रागावणार नाही.

तो म्हणाला, 'जाऊ दे की मला, आई.'

का, म्हटलं. मला वाटलं गाडी म्हणेल, मोठी शाळा म्हणेल, तिथली स्वतंत्र खोली म्हणेल. तसं काही म्हणाला असता तर मी तिथल्या तिथं नाही म्हणाले असते आणि सुटले असते. तो म्हणाला, 'घरात कोण बोलतंच न्हाय गं. बाबा भिंतीकडं बघत बसत्यात. तू पेपर तपासतीस न्हायतर ते अरबाचं लिवतीस. ताई तिकडं. मामी माझ्याशी बोलती. मी काय खाल्लं, कुणाशी भांडलो, सगळं विचारती.' आणि बाटलीचं झाकण लावत म्हणाला, 'तिला एकदा आई म्हटलं तर किती रडली. तिला कोण न्हाय. तुला ताई हाय की.'

इथंही तो 'की' होता, दादा. पण हा धीर द्यायचा नव्हता. तो खरंच तसं समजत होता.

वर गेलो, गुलाल उधळला, प्रसाद घेतला. उतरताना तो पुढं पळत होता आणि वळून वळून मी येतेय का ते बघत होता. मी दर टप्प्याला बसत होते. लोकांना वाटलं असेल बाई दमलीय.

घरी येऊन यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो? पण उलटंच झालं. तुमच्या वकिलांनी पाठवलेला मसुदा ते चष्मा लावून वाचत बसले होते. मी आपली बोलता बोलता म्हटलं की आता नाती बदलणार, दादा त्याचे वडील, मी आत्या. त्यांनी चष्मा काढला. आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडं काय म्हणतात, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. म्हणाले, 'म्हंजे मामा बाप, आन् मी त्येचा मामा?'

मी हो म्हटलं. मग ते मोठ्यानं रडले, लहान पोरासारखे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हाही नाही. म्हणाले, 'न्हाय देत मी. गेला शब्द खड्ड्यात. जाऊन दादाच्या पाया पडतो, पर पोरगं देत न्हाय.'

ज्या वाक्याची मी इतके दिवस वाट बघत होते ते ते बोलले, आणि मला ते घेता आलं नाही. कारण तोवर मी राजवीरचं ऐकलं होतं. दादा, दैव असं करतं बघ. ते द्यायला निघाले तेव्हा मी आडवी पडले, आणि ते माघारी फिरले तेव्हा मीच त्यांना समजावत बसले. आता ते खाली मान घालून हो म्हणालेत.

मी सही करते. वकिलांना सांग. परदेशी न्यायला लागणारे दिल्लीचे कागद, तिकडचा व्हिसा, जे काय पुढं लागेल त्यावरही करते.

पण आजपासून नेमणूक बंद. एक रुपयाही पाठवायचा नाही. रागानं म्हणत नाही, आणि मानापमानाचाही प्रश्न नाही. त्या निवाड्यातलं वाक्य मी तुला लिहिलं होतं. पैसे घेतले की ती हक्क सोडल्याची भरपाई होते. मी पोरगं देतेय. हक्क सोडत नाही. वकील म्हणतील कायद्यानं हक्क उरत नाही. कायद्यानं नसेल उरत. पण मी भरपाई घेतली नाही, एवढं त्याला मोठं झाल्यावर कळायला हवं. आई आपल्याला पोसू शकत नव्हती म्हणून किंवा मामाचे पैसे येत होते म्हणून आपण गेलो, असं त्याला एक दिवसही वाटता कामा नये. तो गेला कारण त्याला जायचं होतं, आणि मी पाठवलं कारण मला ते ऐकू आलं.

आमचं कसं चालेल याची काळजी करू नकोस. यांनी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवरचं काम धरलंय. बसून करायचं आहे, पाठीला सोसेल. 'पंचतारांकित वॉचमन' म्हणून तेजस्वी चिडवते, आणि काल ते हसलेसुद्धा. तेजस्वी शिकवण्या घेणार म्हणतेय. मी प्रबंध बाजूला ठेवून दहावीचे वर्ग घेईन. सुलतान थांबतील, त्यांना घाई नाही.

दादा, तुझ्यावर माझा राग नाही. होता, खूप होता. तुझं घर पुन्हा भरावं असं मला मनापासून वाटतं, आणि माझं रिकामं होतंय हे मला सोसत नाही. दोन्ही खरं आहे. त्याला दुधाची साय चालत नाही. तापात बडबडतो, तेव्हा घाबरू नका. रागावला की बोलत नाही, तेव्हा त्याला एकटा सोडायचा नाही, शेजारी नुसतं बसायचं. मी हे शेवटचं कधी केलं नाही, पेपर तपासत राहिले. तुम्ही करा.

आता शेवटचं, वहिनी, तुमच्यासाठी.

परवा गुरुजींनी विचारलं, दत्तक मुलाला नवं नाव ठेवायची रीत आहे, काय ठेवणार? तुम्ही म्हणालात, ऋतुराज. मी आत ओट्यापाशी ऐकलं. वहिनी, तसं करू नका. मी हात जोडते. ऋतुराज हे नाव मी ठेवलं होतं. पाळण्यात वाकून त्याच्या कानात मीच सांगितलं होतं, आत्या म्हणून. ते नाव तो घेऊन गेला, ते त्याचंच राहू द्या. दुसऱ्या पोराला त्या नावानं हाक मारलीत तर तुम्हाला दर हाकेला तोच आठवेल, आणि या पोराला कधी कळणार नाही की हाक नक्की कुणाला मारली.

मुलाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. तो मान कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही, दादाही नाही. मंगळवारी तो तुमच्या मांडीवर बसेल, तेव्हा मी पुढं येईन आणि तुमच्या मुलाच्या कानात नाव सांगेन. राजवीर हेच सांगेन. आत्या कानाशी वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. वहिनी, तुमचा धपाटा जरा जोरात असू द्या. सगळ्यांसमोर रडायला मला तेवढंच निमित्त होईल.

राजवीरची आत्या,
क्रांती